आधी वस्तू, मग शब्द : तिसरी ते पाचवीच्या मुलांना विज्ञान शिकवताना

'दुपारी बारा वाजता सावली सर्वांत लहान असते.' हे वाक्य मी कित्येक वर्षं चौथीच्या फळ्यावर लिहीत आले. मुलं ते वहीत उतरवून घ्यायची, पेपरात लिहायची, गुण मिळायचे. मग एका फेब्रुवारीत शाळेच्या मैदानात हातभर काठी रोवली आणि मुलांना सांगितलं, दर पंधरा मिनिटांनी सावलीच्या टोकाशी एक खडा ठेवा. बाराच्या सुमाराला मी वर्गातूनच म्हटलं, "आता ठेवलेला खडा सगळ्यांत जवळचा असणार." सव्वाबाराला एक मुलगी पळत आली. "बाई, सावली अजून लहान होतेय." साडेबाराला पुन्हा आली. एक वाजता सगळ्यांनी सुतळीनं अंतरं मोजली, तर काठीच्या सर्वांत जवळचा खडा पाऊण वाजताचा निघाला.

"बाई, मग पुस्तक चुकलंय का आपली काठी?"

मला उत्तर येत नव्हतं. घरी जाऊन शोधलं तेव्हा कळलं की काठीचं काहीच चुकलं नव्हतं. भारताचं घड्याळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या 82.5 अंश पूर्व रेखावृत्तावर लावलेलं आहे. आमची शाळा जवळपास 74 अंशांवर. एका अंशाला चार मिनिटं या हिशेबानं सूर्य आमच्या डोक्यावरच्या रेषेत यायला चौतीस मिनिटं उशीर. शिवाय पृथ्वीची कक्षा लंबगोल आणि आस कललेली असल्यामुळे फेब्रुवारीत त्यात आणखी चौदाएक मिनिटांची भर पडते. म्हणजे साधारण बारा अठ्ठेचाळीस. पोरांचा खडा बरोबर जागी होता.

हे गणित मी चौथीला शिकवलं नाही, ते त्यांच्या वयाचं नाही. एवढंच सांगितलं, "तुमची काठी खरं बोलली. घड्याळ सगळ्या देशासाठी एकच आहे, पण सूर्य प्रत्येक गावाला आपापल्या वेळेला येतो." त्यानंतर माझी शिकवण्याची पद्धत मात्र बदलली. आधी वस्तू मुलांच्या हातात, मग तिच्याबद्दल त्यांचं बोलणं, आणि सगळ्यांत शेवटी पुस्तकातला शब्द. हे वर्गात प्रत्यक्ष कसं करायचं ते इथे सविस्तर लिहिते आहे. जिल्हा परिषदेच्या साध्या शाळेत, प्रयोगशाळा नसताना जे जमलं तेवढंच आहे.

वेळ कुठून आणायचा

तिसरी ते पाचवीला विज्ञान परिसर अभ्यासात मिसळून येतं, 'सामान्य विज्ञान' म्हणून वेगळं सहावीपासून. त्यामुळे 'विज्ञानाचा तास' असा हातात नसतो. मी आठवड्यातून एकदा परिसर अभ्यासाचे दोन तास जोडून घेते, साधारण सत्तर-ऐंशी मिनिटं. पस्तीस मिनिटांत साहित्य वाटून होतं आणि घंटा होते. सगळे पाठ प्रयोगातून शिकवायचा अट्टहास धरू नका. महिन्याला दोन मोठे प्रयोग आणि रोज परिपाठानंतर पाच मिनिटांचं एखादं निरीक्षण, एवढं सातत्यानं केलं तरी वर्षाअखेर मुलांची बोलण्याची रीत बदललेली दिसते.

प्रश्न निवडणं

पाठ टाचण काढताना सगळ्यात जास्त वेळ यालाच द्या. चांगल्या प्रश्नाचं उत्तर मुलांना अंगणात, बादलीत किंवा खिडकीत स्वतः मिळवता यायला हवं. माझा नियम असा : सुरुवात 'का' पासून करायची नाही. 'पाणी का उकळतं?' असं विचारलं की मूल बाईंच्या तोंडाकडे बघतं, कारण त्याचं उत्तर त्याच्या डोळ्यांसमोर नसतं. 'काय होईल?', 'कोणतं आधी?', 'किती?', 'कुठल्या बाजूला?' हे प्रश्न मुलाला वस्तूकडे वळवतात. 'का' मागाहून मुलांच्याच तोंडून येतो, आणि तेव्हा तो त्यांचा स्वतःचा असतो.

प्रश्न विचारून झाला की गप्प राहा. मनात पाचपर्यंत आकडे मोजा. हुशार म्हणून ओळखल्या जाणाऱ्या दोघातिघांचे हात लगेच वर जातात. आपण त्यांनाच बोलू दिलं की उरलेल्या मुलांचा विचार तिथेच थांबतो. पाच आकड्यांनंतर मागच्या ओळीतला एखादा हात हळूच वर येतो.

पेटीत काय असावं

एक मोठी बादली, काचेचे दोन ग्लास, स्टीलच्या वाट्या आणि चमचे, सुतळी, शिंप्याकडची टेप, दोन भिंगं, फुगे, मेडिकलमधून आणलेल्या सुई नसलेल्या नव्या सिरिंज, जुन्या स्पीकरमधलं चुंबक, टॉर्च, हळद, लिंबू, मीठ, मटकी. बाकीचं मुलं आणतात. आमच्याकडे पोषण आहार शिजवणाऱ्या मावशींकडून कांदा, बटाटा आणि पातेलं हक्कानं मिळतं, त्यामुळे त्याही प्रयोगात ओढल्या जातात.

तीन गोष्टींवर मी कधीच तडजोड करत नाही. घरच्या विजेचा बोर्ड मुलांनी हाताळायचा नाही, प्रयोग फक्त टॉर्चच्या सेलवर. ज्योत असेल तर ती माझ्या टेबलावर, ओढण्या आणि केस बांधून. आणि वापरलेली सिरिंज किंवा दवाखान्याजवळ सापडलेली कुठलीही वस्तू शाळेत आणायची नाही, हे पहिल्याच दिवशी घरच्यांनाही सांगायचं.

एक तास जवळून : बुडतं की तरंगतं

नव्यानं सुरुवात करणाऱ्यांनी हाच तास आधी घ्यावा, कारण तो सहसा फसत नाही. वर्गाच्या मधोमध पाण्यानं भरलेली बादली. टेबलावर खडा, लाकडाचा ठोकळा, मेणबत्तीचा तुकडा, खोडरबर, कांदा, बटाटा, स्टीलचा चमचा, स्टीलची वाटी, टाचणी आणि एक संत्रं. मिळाला तर अख्खा लाल भोपळा.

पहिली वीस मिनिटं पाण्याला हात लावायचा नाही. प्रत्येक वस्तू मुलांच्या हातातून फिरते. मग वहीत तीन रकाने आखायचे : 'मला वाटतं', 'दिसलं', 'आता वाटतं'. पहिला रकाना पेननं भरायचा. हे पेनचं महत्त्वाचं आहे. पेन्सिल दिली की पाण्यात टाकल्यावर मुलं आपला अंदाज खोडरबरानं गुपचूप पुसतात, कारण चुकणं म्हणजे मार्क जाणं हे त्यांच्या अंगात भिनलेलं असतं. पहिले दोन महिने मी रोज सांगते की अंदाजाला मार्क नाहीत, तो लिहिण्याला आहेत. आणि अंदाजाखाली एक ओळ, 'कारण...' एका मुलानं लिहिलं होतं, "बटाटा तरंगेल कारण तो गोल आहे." मला हे वाक्य बरोबर उत्तरापेक्षा मोलाचं वाटतं. ते मूल कुठे उभं आहे हे त्यानं मला दाखवलं.

मग एक-एक वस्तू पाण्यात. कांदा तरंगतो, बटाटा बुडतो. वर्गात आरडाओरडा होतो, होऊ द्या. टाचणी टोकाकडून सोडा. ती आडवी हलकेच ठेवली तर कधी कधी पाण्याच्या पृष्ठभागावरच राहते. तसं झालं तर लपवू नका, 'हा दुसऱ्या दिवसाचा प्रश्न' म्हणून फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवा. माझ्या फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात असे उरलेले प्रश्न कायम असतात.

जवळजवळ सगळी मुलं एकच नियम घेऊन येतात : जड बुडतं, हलकं तरंगतं. तो खोडायला भाषण करू नका. फक्त विचारा, "टाचणी जड की भोपळा?" भोपळा बादलीत सोडा, तो डुलत राहतो. वर्गात थोडा वेळ शांतता होते. मग आमच्या गावाकडचा कुणीतरी बोलतो की विहिरीत पोहायला शिकताना कमरेला पांगाऱ्याचा ओंडका किंवा वाळलेला भोपळा बांधतात, तो माणसालाही बुडू देत नाही. हे त्याला आधीपासून माहीत होतं, विज्ञानाच्या तासाशी त्याचा काही संबंध आहे हे माहीत नव्हतं.

पुढची पायरी वाटी आणि चमचा. दोन्ही स्टीलचे. चमचा तळाला, वाटी वर. वाटी आडवी करून पाणी आत घेतलं की तीही तळाला. मग संत्रं : सालासकट तरंगतं, सोललं की बहुतेक वेळा बुडतं, वजन कमी होऊनही. साल हातात देऊन भिंगातून बघायला सांगा, पांढऱ्या भागातली पोकळ जागा दिसते. शेवटी वेळ उरला तर लिटरभर पाण्यात मूठ-मूठ मीठ विरघळवत बटाटा टाकून बघायचा. किती मुठींना तो वर आला ते मुलं मोजतात, आणि प्रत्येक गटाचा आकडा वेगळा येतो, कारण मुठी वेगळ्या. मोजायला सर्वांचं माप एक हवं, हे तिथे आपोआप कळतं.

'घनता' हा शब्द या तासात येत नाही. चौथीच्या मुलानं तिसऱ्या रकान्यात 'नुसतं जड असून बुडत नाही, आत काय आहे आणि आकार कसा आहे त्यावर पण आहे' एवढं लिहिलं की माझं काम झालं. वरच्या वर्गात घनतेचं सूत्र येईल तेव्हा त्याला भोपळा आठवेल.

रडीचा डाव

प्रयोग निष्पक्ष असावा ही गोष्ट मोठ्या माणसांनाही समजवायला कठीण. मुलांना मात्र आपल्या भाषेत ती लगेच पटते, कारण लगोरी खेळताना एक संघ रेषेच्या पुढून चेंडू मारू लागला की दुसरा ओरडतोच, "रडीचा डाव!" मी तेच शब्द विज्ञानात आणले.

पाटी घ्या. "ओली पाटी कुठे लवकर वाळेल?" एक उन्हात, एक सावलीत, एक पुठ्ठ्यानं वारा घालत, एक वर्गात. पहिल्या वेळी त्यांना हवं तसं करू द्या. एक जण पाटी भिजवून आणतो, दुसरा ओलं बोट फिरवतो. निकाल लागला की हरलेला गट तक्रार करतोच : त्यांनी पाणी कमी लावलं होतं. आता विचारा, "मग रडीचा डाव होऊ नये म्हणून काय काय सारखं ठेवायचं?" यादी मुलंच करतात : पाटी तेवढीच, पाणी सिरिंजनं मोजून, ते पसरायचं एकाच कपड्यानं, वेळ एकाच घड्याळावर. आणि वेगळं काय? फक्त जागा. दुसऱ्या फेरीत निकाल लागतो तेव्हा भांडण होत नाही. पुढे वर्षभर कुठल्याही प्रयोगात कुणी ना कुणी बोट उचलून म्हणतं, "हा रडीचा डाव झाला." 'बाष्पीभवन' हा शब्द इथे दुसऱ्या फेरीनंतर फळ्यावर लिहिते. तोवर मुलांनी 'पाणी उडालं', 'पाणी हवेत गेलं', 'पाटीनं पाणी प्यायलं' असं सगळं बोलून घेतलेलं असतं. पाटीनं प्यायलं म्हणणाऱ्यासाठी स्टीलच्या ताटलीवर तोच प्रयोग पुन्हा करायचा. ताटली पाणी पीत नाही.

मटकी : आठवडाभर चालणारा प्रयोग

बिया रुजायला काय लागतं असं विचारलं की चौथीतली मुलं एका सुरात म्हणतात, "हवा, पाणी, सूर्यप्रकाश." पाठ केलेलं उत्तर. झाडाला जगायला जे लागतं आणि बीला रुजायला जे लागतं, त्या दोन्हींची त्यांच्या मनात सरमिसळ झालेली असते. आणि खरं सांगायचं तर आपल्यातल्या अनेक शिक्षकांच्याही.

सोमवारी दुपारी मूठभर मटकी भिजत घाला. मंगळवारी सकाळी पाच वाट्या मांडा. पहिलीत न भिजवलेली कोरडी मटकी. दुसरीत भिजलेली, ओल्या फडक्यात, खिडकीशी. तिसरी तशीच ओल्या फडक्यात, पण बंद कपाटात. चौथीत मटकी पाण्यात पूर्ण बुडालेली. पाचवी तुम्हाला जमली तर : ओल्या फडक्यातली, कुणाच्या तरी घरी फ्रीजमध्ये. अंदाज लिहून घ्या. कपाटातल्या वाटीबद्दल बहुतेक लिहितील, 'मोड येणार नाहीत, ऊन नाही.'

दुसऱ्या दिवशी कपाट उघडताना सगळ्या मुलांना जवळ बोलवा. फडकं सोडल्यावर पांढरे मोड दिसले की त्यांचे चेहरे बघण्यासारखे असतात. आमच्याकडे एक मुलगी तेव्हा म्हणाली, "आमची आजी तर उसळीची मटकी फडक्यात बांधून डब्यातच ठेवते, तिथं कुठं ऊन असतंय?" तिला हे रोज दिसत होतं. पेपरात मात्र ती सूर्यप्रकाशच लिहीत होती, कारण आजीचा डबा आणि परिसर अभ्यास ही तिच्यासाठी दोन वेगळी जगं होती. आजीचा डबा त्या दिवशी आम्ही वहीत काढला.

पाण्यात बुडालेल्या वाटीकडे विशेष लक्ष द्या. दाणे फुगतात, काहींना बारीक टोक येतं, पण वाढ अडते आणि दोन-तीन दिवसांत वास सुटतो. मुलांना वास घेऊ द्या. पाणी भरपूर होतं, मग काय कमी पडलं? इथे हवेचं उत्तर त्यांच्या नाकातून येतं. फ्रीजमधली वाटी जवळजवळ जशीच्या तशी राहते, तीवरून उबेचा मुद्दा निघतो. डिसेंबरात हाच प्रयोग केला तर मोडांना जास्त वेळ लागतो. मी तो जुलैत आणि डिसेंबरात असा दोनदा घेते आणि जुन्या वहीशी ताडून बघायला लावते.

आता उन्हाची बाजूही न्याय्यपणे यायला हवी. मोड आलेले दाणे दोन करवंट्यांत मातीत पेरा, एक उजेडात, एक पालथ्या डब्याखाली. आठवड्यानं डब्याखालची रोपं उंच, पिवळी आणि लुळी असतात. उंची मोजली तर तीच जिंकतात. "मग अंधार चांगला का?" यावर वर्ग चांगला अर्धा तास भांडतो. दोन्ही करवंट्या उजेडात ठेवून आणखी चार दिवस बघा.

याच आठवड्यात करण्याजोगी एक छोटी गोष्ट. काचेच्या ग्लासात ओला कागद गुंडाळून बसवा, कागद आणि काच यांच्या मध्ये वालाच्या बिया सरकवा. मूळ बोटाच्या पेराएवढं झालं की ग्लास आडवा करून ठेवा. दुसऱ्या दिवशी मुळाचं टोक खाली वळलेलं दिसतं. पुन्हा फिरवा, पुन्हा वळतं. माझ्या वर्गात यावर सगळ्यांत शांत बसणाऱ्या मुलानं विचारलं होतं, "बाई, त्याला डोळे नाहीत, मग खाली कुठं ते कळतं कसं?" हा प्रश्न अजून आमच्या फळ्याच्या कोपऱ्यात आहे.

संकष्टीचा चंद्र

चंद्र रात्रीच असतो असं बहुतेक मुलं ठामपणे सांगतात. भिंतीवरचं कॅलेंडर घ्या आणि वद्य अष्टमी शोधा. पावसाळा सोडून कुठल्याही महिन्यात त्या दिवशी सकाळी दहाला परिपाठाच्या वेळी मुलांना मैदानात उभं करून पश्चिमेकडे बघायला सांगा, अर्धा चंद्र निळ्या आकाशात दिसतो. शुद्ध अष्टमीला शाळा सुटताना तो पूर्वेच्या बाजूला वर आलेला असतो.

घरचा अभ्यास संकष्टीचा द्या. ज्या घरात उपवास असतो तिथे चंद्रोदयाची वाट बघणं मुलांना पाठ असतं. पौर्णिमेला चंद्र दिवेलागणीला उगवतो, संकष्टीला नऊच्या आसपास. मधल्या तीन-चार दिवसांचे चंद्रोदय कॅलेंडरवरून किंवा प्रत्यक्ष बघून लिहून आणायचे. दररोज सरासरी पन्नासएक मिनिटं उशीर होतो हे पाचवीची मुलं वजाबाकी करून काढतात. ज्यांच्या घरी उपवास नसतो ती मुलंही अंगणात थांबतात, आणि अनेकदा त्यांच्यासोबत घरातलं मोठं माणूसही.

पावसाळ्यातला दोरीचा चौकोन

शाळा सुरू होताच जूनमध्ये हे करून घ्या. सुतळीनं जमिनीवर एक मीटरचा चौकोन आखायचा आणि चार मुलांनी अर्धा तास त्याच्या आतच बघायचं. मृगाचा किडा, वाणी, मुंग्या, गोगलगाय, गवताचे दोन-तीन प्रकार. पाहायचं, मोजायचं, चित्र काढायचं, उचललं तर त्याच जागी सोडायचं. मृगाच्या किड्याचे पाय भिंगातून मोजायला लावा. आठ भरतात. मुंगीचे सहा. म्हणजे नावात किडा असला तरी तो मुंगीच्या नाही, कोळ्याच्या गोतातला. हे मी सांगत नाही, दोन चित्रं शेजारी ठेवते.

एक प्रयोग जो मी बंद केला

ताटलीतल्या पाण्यात पेटती मेणबत्ती, वर पालथा ग्लास, ज्योत विझते, पाणी चढतं. 'ऑक्सिजन संपला, तेवढी जागा पाण्यानं घेतली, म्हणून हवेत एक पंचमांश ऑक्सिजन.' मीही हेच शिकवत होते. हे स्पष्टीकरण बरोबर नाही. ज्योत विझते तेव्हा ग्लासात ऑक्सिजन बराच शिल्लक असतो. पाणी मुख्यतः चढतं ते गरम झालेली हवा थंड होऊन आकसते म्हणून. नीट बघा, ज्योत विझल्यावरच पाणी वेगानं चढतं. एकाऐवजी तीन मेणबत्त्या ठेवल्या तर त्याच ग्लासात पाणी जास्त चढतं. ऑक्सिजन तर तेवढाच होता. प्राथमिकसाठी हवा जागा व्यापते एवढंच दाखवायचं असेल तर ग्लासाच्या तळाशी कोरडा कागद दाबून बसवा, ग्लास अगदी सरळ पालथा पाण्यात बुडवा आणि बाहेर काढा. कागद कोरडा. मग तिरका करा, बुडबुडे निघतात आणि कागद भिजतो. त्यात ज्योतही नाही आणि चुकीचं काही शिकवावंही लागत नाही.

दोन इयत्ता एकाच खोलीत असतील तर

द्विशिक्षकी शाळेत हे रोजचंच. वस्तू एकच ठेवा, काम वेगळं द्या. तिसरीनं चित्र काढायचं आणि नावं द्यायची, चौथीनं मोजायचं, पाचवीनं 'रडीचा डाव कुठे झाला' ते शोधायचं. गट मिश्र ठेवा, पण सिरिंज आणि भिंग धाकट्यांच्या हातात द्या. नाहीतर मोठी मुलं करतात आणि लहान फक्त बघतात. मुली-मुलांचंही तेच : नोंद लिहायचं काम मुलींकडे आणि हात लावायचं मुलांकडे असं आपोआप होतं, ते मी दर फेरीला बदलून घेते.

तपासायचं कसं

वहीतला तिसरा रकाना, 'आता वाटतं', पहिल्यापेक्षा बदलला का, एवढं आकारिक मूल्यमापनात बघा. नोंदवहीतल्या शुद्धलेखनाला लाल पेन लावू नका, त्यासाठी भाषेचा तास आहे. लेखी प्रश्न द्यायचा तर पाठांतरानं सुटणार नाही असा द्या : 'दुकानातल्या पोत्यातल्या मटकीला वर्षभर मोड का येत नाहीत?' तोंडी परीक्षेत एक अनोळखी फळ आणि बादली समोर ठेवायची. ते बुडेल की नाही हे मूल बरोबर सांगतं का यापेक्षा ते टाकण्याआधी हातात घेऊन काय बघतं, हे टिपा.

अशी परीक्षा मोठ्या प्रमाणावर होऊ शकते हे आपल्या शेजारीच घडून गेलं आहे. मध्य प्रदेशात 1972 साली होशंगाबाद जिल्ह्यातल्या 16 सरकारी शाळांत सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी प्रयोगातून विज्ञान सुरू झालं आणि पुढे शेकडो शाळांत पोहोचून 2002 पर्यंत चाललं. तिथे परीक्षेला मुलं पुस्तक-वही घेऊन बसायची, कारण विचारलेलं पुस्तकात सापडायचंच नाही. त्याच काळात तिथे अरविंद गुप्ता यांनी काड्यापेटीच्या काड्या सायकलच्या व्हॉल्व ट्यूबच्या तुकड्यांनी जोडून आकृत्या केल्या. हा प्रकार तिसरीला अजूनही छान चालतो : चौकोन डुगडुगतो, त्रिकोण घट्ट राहतो, एवढं मुलांच्या बोटांना कळतं, मग घराच्या छपराखालची कैची, म्हणजे छप्पर पेलणारा त्रिकोणी सांगाडा, बघायला न्या. पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेच्या आवारात मुक्तांगण विज्ञान शोधिका आहे, मुंबईत 1974 पासूनचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. दोन्हीकडचं साहित्य शिक्षकांना उपयोगी पडण्यासारखं आहे.

प्रयोग फसला तर

फसतो. मटकीला बुरशी येते, काठी कुणीतरी उपटतं, ढग येतात. फसलेला प्रयोग त्याच तासात गुंडाळून 'असं व्हायला हवं होतं' म्हणून फळ्यावर बरोबर उत्तर लिहिलं, की मुलं पुढच्या वेळी वस्तूकडे न बघता फळ्याची वाट बघतात. त्याऐवजी वहीत 'दिसलं' मध्ये जे दिसलं तेच लिहायचं, बुरशीसकट. आणि विचारलेलं आपल्याला येत नसेल तर 'मला माहीत नाही, उद्या शोधून येते' म्हणायचं आणि खरंच शोधून यायचं. उत्तर आणलं नाही तर मुलं दोन दिवसांनी आठवण करून देतात.

मेच्या सुट्टीसाठी

सुट्टी लागण्याआधी प्रत्येक मुलाच्या वहीत एक तारीख लिहून द्या. महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे, त्यामुळे आपल्याकडे वर्षातून दोनदा भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली तिच्याच पायात जाते. कोल्हापुरात 6-7 मेच्या सुमारास, पुण्यात 13-14, मुंबईत 15-16, छत्रपती संभाजीनगरात 19-20, नागपुरात 26 मेच्या आसपास. दुसरा दिवस जुलै-ऑगस्टमध्ये येतो, पण तेव्हा ढग असतात. वेळही बाराची देऊ नका : पुणे-कोल्हापूरकडे साडेबारा, मुंबईत बारा पस्तीस, नागपुरात बारा दहा. साहित्य एवढंच : सपाट जागा आणि एक उभा ग्लास. बाराला अंगणात तो ठेवायचा, डोक्यावर टोपी घालायची, सूर्याकडे बघायचं नाही, फक्त ग्लासाच्या बुडाशी बघायचं, आणि सावली नाहीशी झाली की घड्याळ बघून वेळ लिहून ठेवायची. मामाच्या गावाला गेलेल्या मुलांनी तिथली तारीख आणि वेळ लिहून आणायची. जूनमध्ये शाळा उघडली की पहिल्या दिवशी या सगळ्या वेळा नकाशावर त्या-त्या गावापाशी चिकटवायच्या.